व्लतावा नदी कोणाची? स्मेतानाच्या ‘मा व्लास्त’ची गोष्ट

५ जून १९३९. प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह. हिटलरचे सैन्य शहरात शिरल्याला अजून तीन महिनेही पुरे झालेले नाहीत. रंगमंचावर चेक फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आहे आणि संचालन वाच्लाव तालिख करीत आहे. सुमारे सव्वा तासाचे वादन संपते, टाळ्यांचा कडकडाट थांबता थांबत नाही, आणि मग सभागृहातील लोक उभे राहून आपणहून राष्ट्रगीत गाऊ लागतात. त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. त्यात हे सारे ऐकू येते.

त्या दिवशी वाजवले गेले त्यात गायन नव्हते, एकही शब्द नव्हता. एका देशाच्या भूदृश्यांचे ते केवळ वाद्यांनी केलेले चित्रण होते: एक कडा, एक नदी, एक दरी, काही शेते, एक गाव आणि एक डोंगर. नदीचे वर्णन ऐकून माणसे राष्ट्रगीत का म्हणू लागतात? निसर्गचित्राला राजकीय अर्थ येतो तो कोठून? आणि तो अर्थ नेमका कोणाच्या बाजूचा असतो? आजचा धागा याविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

रचनेचे नाव ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझी मायभूमी’. रचनाकार बेद्रिख स्मेताना. काटेकोर बोलायचे तर ही सिंफनी नव्हे, सहा ‘सिंफनिक पोएम्स’ची मालिका आहे. सिंफनीचे भाग परस्परांत ठरावीक नियमांनी बांधलेले असतात, तर सिंफनिक पोएममध्ये वाद्यवृंद एखादे कथानक, चित्र वा कल्पना सलग उलगडत नेतो. फ्रान्झ लिस्टने हा प्रकार रूढ केला आणि स्मेतानाने तो लिस्टकडूनच घेतला. मात्र त्याचे सहा भाग काही समान सुरावटींनी एकमेकांत असे गुंफलेले आहेत की संपूर्ण मालिका एका मोठ्या सिंफनीसारखीच अनुभवास येते.

आता या ‘राष्ट्रीय’ संगीतकाराचा जन्मदाखला पाहू. २ मार्च १८२४ रोजी बोहेमियातील लितोमिश्ल येथे एका मद्यनिर्मात्याच्या घरी तो जन्मला. त्याचे नाव नोंदले गेले ते फ्रीड्रिख. ‘बेद्रिख’ हे त्याच नावाचे चेक रूप, आणि ते त्याने पुढे स्वतः स्वीकारले. त्याचे शिक्षण जर्मनमध्ये झाले, पत्रव्यवहार आणि दैनंदिनीही दीर्घकाळ जर्मनमध्येच होती. वयाची पस्तिशी उलटल्यावर, १८६० च्या सुमारास, तो चेकमध्ये पत्रे लिहू लागला तेव्हा आपल्या भाषेतील चुकांबद्दल त्याला क्षमा मागावी लागली.

हे वाचून कोणी नाक मुरडण्यापूर्वी पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ ‘शुभ्र टेकडी’ची लढाई झाली आणि बोहेमियातील प्रॉटेस्टंट सरदारांचा हाब्सबुर्ग सम्राटाने पराभव केला. १६२७ च्या नव्या राज्यविधानाने जर्मन भाषेला चेकच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. पुढील दोन शतकांत ती बरोबरी उरली नाही. प्रशासन, उच्च शिक्षण आणि शहरी प्रतिष्ठा जर्मनकडे गेली, तर चेक ही खेड्यापाड्यांची आणि नोकरचाकरांची भाषा ठरली.

एकोणिसाव्या शतकात ज्यांनी चेक भाषेचे पुनरुज्जीवन केले त्यांनाही जर्मनचाच आधार घ्यावा लागला. योसेफ युंगमानने १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा चेक-जर्मन कोश प्रसिद्ध केला. फ्रांतिशेक पालात्स्की याला ‘राष्ट्रपिता’ म्हणतात; त्याचा बोहेमियाचा महान इतिहास १८३६ पासून आधी जर्मनमध्ये छापला गेला, चेक आवृत्ती यायला १८४८ उजाडले. स्मेताना एकटाच उशिरा घरी परतलेला नव्हता. त्याची संपूर्ण पिढीच आपल्या घराचा पत्ता परक्या भाषेतून शोधत होती.

१८४८ च्या क्रांतीत स्मेतानाने क्रांतिकारकांसाठी संचलनगीते रचली. ती क्रांती चिरडली गेली. १८५६ मध्ये तो स्वीडनमधील गोथेनबर्गला गेला आणि तेथे पाच वर्षे संगीत शिकवीत, संचालन करीत राहिला. दरम्यान इटलीतील पराभवाने ऑस्ट्रियाची पकड सैल झाली. १८६० मध्ये सम्राटाने काही घटनात्मक सवलती दिल्या आणि प्रागमध्ये चेक नाट्यगृहाची चळवळ उभी राहिली. स्मेताना परतला. १८६६ मध्ये त्याची ‘विकलेली वधू’ ही ऑपेरा रंगमंचावर आली आणि त्याच वर्षी तो चेक रंगभूमीच्या तात्पुरत्या नाट्यगृहाचा प्रमुख संचालक झाला.

१८६७ मध्ये सम्राटाने हंगेरीशी तडजोड केली. साम्राज्याचे दोन भाग झाले, हंगेरियनांना स्वतःचे राज्य मिळाले, चेकांच्या हाती काहीच लागले नाही. पुढच्याच वर्षी, १६ मे १८६८ रोजी, प्रागमध्ये राष्ट्रीय नाट्यगृहाची पायाभरणी झाली, आणि पायाचे दगड कोठून आणले? देशातील निरनिराळ्या पुराणप्रसिद्ध डोंगरांवरून. स्मेताना त्या समारंभाला हजर होता. सहा वर्षांनी त्याने संगीतात जे केले त्याचा आराखडा मला या दगडांतच दिसतो. ज्यांच्यापाशी राज्य नव्हते त्यांनी डोंगर, नद्या आणि दंतकथा रचून त्यांचे राष्ट्र उभारायला घेतले होते.

१८७४ च्या उन्हाळ्यात स्मेतानाची प्रकृती बिघडली. कानात गुणगुण सुरू झाली, एक कान गेला, आणि १९ ते २० ऑक्टोबरच्या रात्रीनंतर तो पूर्ण बहिरा झाला. वय ५०. संचालकपद सुटले. नाट्यगृहातील राजकारणात त्याच्यावर ‘वाग्नरचा अनुयायी’ म्हणून टीका होतच होती, आता उत्पन्नही आटले.

यापुढच्या तारखा मुद्दाम देतो. मालिकेचा पहिला भाग ‘विशेह्राद’ १८ नोव्हेंबर १८७४ रोजी पूर्ण झाला. दुसरा भाग ‘व्लतावा’ त्याने २० नोव्हेंबरला हाती घेतला आणि ८ डिसेंबरला संपवला. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध ‘पाण्याचे संगीत’ ठार बहिऱ्या माणसाने, बहिरेपण आल्यावर दोन महिन्यांच्या आत, १९ दिवसांत लिहिले. ते वाजताना त्याने कधीच ऐकले नाही. ‘शार्का’ आणि ‘बोहेमियाच्या कुरणांतून व राईंतून’ हे भाग १८७५ मध्ये झाले. ‘ताबोर’ आणि ‘ब्लानिक’ हे शेवटचे दोन १८७८ व १८७९ मध्ये याब्केनित्से या खेड्यात पूर्ण झाले; तेथे त्याचा जावई वनाधिकारी होता. संपूर्ण मालिका ५ नोव्हेंबर १८८२ रोजी प्रागमध्ये प्रथमच सलग वाजवली गेली. ती त्याने प्राग शहराला अर्पण केली आहे.

‘व्लतावा’ कशी उलगडते ते थोडे तपशिलात पाहू, कारण पुढचा सगळा वाद तिच्याच काठावर आहे.

प्रारंभी फ्लूटचे झुळझुळणारे स्वर येतात, मधूनच व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडल्याचे थेंब पडतात. हा झाला थंड झरा. थोड्याच वेळात क्लॅरिनेट मिसळतात, हा उष्ण झरा. दोघांचा प्रवाह एक झाला की व्हायोलिनवर ती सुप्रसिद्ध सुरावट उमटते. पुढे अरण्य लागते, हॉर्नच्या हाका म्हणजे शिकार. मग काठावरचे एक लग्न आणि त्यातला पोल्का नाच. रात्र होते, चांदण्यात जलपऱ्या येतात आणि तारवाद्ये आवाज दाबून वाजू लागतात. नंतर संत योहानाच्या धारांवर नदी खडकांवर आपटते, येथे सारा वाद्यवृंद उसळतो. शेवटी प्राग येते, सुरावट मायनरमधून मेजर स्वरांत उजळते, नदी विशेह्रादच्या कड्याला वंदन करून दूर जात जात दिसेनाशी होते. स्वतः स्मेतानाने १८७९ मध्ये प्रकाशकाला पाठवलेल्या टिपणात हा क्रम सांगितला आहे, त्यामुळे यात समीक्षकांच्या कल्पनाविलासाला फारसा वाव नाही.

विशेह्रादला वंदन करताना जे स्वर येतात ते पहिल्या भागातील हार्पवरचेच. ती सुरावट बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट या स्वरांनी सुरू होते. जर्मन आणि चेक स्वरलेखनात त्यांची नावे ‘बी’ आणि ‘एस’. बी. एस., अर्थात बेद्रिख स्मेताना! फ्रीड्रिखचा ‘एफ’ नव्हे, निवडून घेतलेल्या नावाचा ‘बी’. राष्ट्राच्या पुराणदुर्गावर त्याने आपली सही कोरून ठेवली, आणि ती सही मालिकेच्या अगदी अखेरीस पुन्हा दुमदुमते.

आता हार्प कोण वाजवतो आहे ते पाहू. इथून गोष्ट अवघड होत जाते. स्मेतानाच्या कल्पनेत विशेह्रादचा गतवैभवाचा इतिहास गाणारा तो प्राचीन भाट आहे. भाटाचे नाव लुमीर. आणि लुमीर येतो तो तथाकथित मध्ययुगीन हस्तलिखितांतून. १८१७ मध्ये वाच्लाव हांका याने द्वूर क्रालोवे येथे एक चेक हस्तलिखित ‘सापडल्याचे’ जाहीर केले. त्यापाठोपाठ झेलेना होरा येथील दुसरे उजेडात आले. त्यात राणी लिबुशेच्या न्यायदानाचे वर्णन होते. जर्मनांच्या ‘निबेलुंगेनलीड’च्या तोडीची, किंबहुना त्याहून जुनी, आपली महाकाव्ये होती याचा तो पुरावा मानला गेला. चित्रकार, शिल्पकार, नाटककार सारे त्यावर पोसले गेले. दोन्ही हस्तलिखिते बनावट होती.

स्मेतानाची ‘लिबुशे’ ही ऑपेरा याच न्यायकथेवर उभी आहे. तिने ११ जून १८८१ रोजी राष्ट्रीय नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. दोन महिन्यांत ते आगीत भस्मसात झाले. लोकवर्गणीने पुन्हा उभे राहिले, आणि १८८३ मध्ये पुन्हा ‘लिबुशे’नेच उघडले. जाता जाता, या सर्वाधिक राष्ट्रीय ऑपेराची संहिता योसेफ वेन्त्सिगने मूळ जर्मनमध्ये लिहिली होती, मग तिचे चेक भाषांतर करून घेण्यात आले. इतिहासाला विनोदबुद्धी असते की नाही ठाऊक नाही, पण येथे तशी शंका येते.

स्मेताना १२ मे १८८४ रोजी प्रागच्या मनोरुग्णालयात वारला. दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, ‘अथेनेउम’ या नियतकालिकातून भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउअरने हस्तलिखितांच्या भाषेची चिरफाड केली. नियतकालिकाचा संपादक होता प्रागच्या विद्यापीठातील एक तरुण प्राध्यापक, तोमाश मासारिक. ‘खोट्या पायावर राष्ट्र उभे राहू शकत नाही’ अशी त्याची भूमिका होती. त्याला देशद्रोही ठरवण्यात आले, वृत्तपत्रांतून त्याची निर्भर्त्सना झाली.

आणि १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला तेव्हा पहिला राष्ट्राध्यक्ष कोण झाला? तोच मासारिक. आजही चेक राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीतील समारंभांत जी तुतारीधून वाजते ती आहे ‘लिबुशे’ ऑपेराच्या प्रारंभीची. बनावट हस्तलिखित उघडे पाडणाऱ्याच्या पदाला त्याच हस्तलिखितातून जन्मलेले संगीत सलामी देते. या देशाच्या आधुनिक इतिहासाविषयी मला एकच प्रसंग सांगायला दिला तर मी हा सांगेन.

सुरावटीचे काय? ‘व्लतावा’ची ती मुख्य चाल निखळ चेक मातीतली आहे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तिचे सगेसोयरे सगळ्या युरोपात आहेत. सन १६०० च्या आसपासची ‘ला मांतोवाना’ ही इटालियन चाल जवळपास तशीच आहे. स्वीडनमध्ये व्हेर्मलांड प्रांताविषयीचे एक लोकप्रिय गीत त्याच वळणाचे आहे, आणि स्मेताना पाच वर्षे स्वीडनमध्ये होता. चेक मुलांच्या एका बडबडगीतातही तीच चाल मेजर स्वरांत आढळते. त्याने ती नेमकी कोठून उचलली हा अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. मायनर सप्तकाच्या पायऱ्या एकामागून एक चढायच्या, वर क्षणभर थांबायचे आणि तशाच उतरायच्या, इतकी ती साधी आहे. अशी चाल कोणाच्या मालकीची नसते.

याच कुळातील आणखी एक चाल, मोल्दाव्हियातील एका लोकगीतावरून घेतलेली, ‘हातिक्वा’ची आहे. हे ज्यूंच्या राष्ट्रीय चळवळीचे गीत पुढे इस्रायलचे राष्ट्रगीत झाले. मार्च १९४४ मध्ये बिर्केनाऊच्या छळछावणीत तेरेझीनहून आणलेल्या हजारो चेक ज्यूंना एका रात्रीत वायुकोठड्यांत मारण्यात आले. त्या भीषण कामावर जुंपलेला आणि वाचलेला कैदी फिलिप म्युलर याने साक्ष दिली आहे की मृत्यूपूर्वी त्यांनी दोन गीते म्हटली. एक चेक राष्ट्रगीत आणि दुसरे ‘हातिक्वा’. चेक राष्ट्रगीतातही राजा नाही की लढाई नाही, आपले घर कोठे आहे हा प्रश्न आणि निसर्गाचे वर्णन आहे.

नदीकडे परत येऊ. जिचे संगीत झाले ती खरी व्लतावा शुमावा पर्वतात उगम पावते. तिच्या दोन झऱ्यांपैकी थंड व्लतावेचा उगम आजच्या सीमेनुसार बव्हेरियात, म्हणजे जर्मनीत आहे! पुढेही तिचा वरचा टप्पा एकोणिसाव्या शतकात बहुतांशी जर्मनभाषक गावांमधून वाहत होता. तेथे तिला कोणी व्लतावा म्हणत नसे, तिचे नाव मोल्डाऊ. याच टप्प्यावरच्या ओबरप्लान गावी १८०५ मध्ये आडाल्बेर्ट श्टिफ्टर जन्मला. या नदीकाठच्या अरण्याचे जर्मन गद्यातील सर्वश्रेष्ठ वर्णन त्याचे आहे. पाणी एक, जंगल एक, पण दोन भाषांतील लोक त्याच्याकडे पाहून दोन वेगवेगळ्या मायभूमी पाहत होते.

स्मेतानाच्या रचनेत हे जर्मन काठ ऐकू येत नाहीत. झऱ्यांपासून अरण्य, अरण्यापासून थेट लग्न, आणि लग्नात पोल्का, म्हणजे अस्सल चेक नाच. प्राग येते तेही पुराणातील विशेह्राद म्हणून. त्या काळच्या प्रागमधील जर्मन नाट्यगृहे, जर्मन विद्यापीठ, जर्मन बाजारपेठ यांतले काही नदीला दिसत नाही. भूदृश्य रंगवणे म्हणजे निवड करणे. जे रंगवले त्याइतकेच जे वगळले तेही ऐकायला हवे.

तरीही १८७४ च्या संदर्भात मी स्मेतानाला दोष देणार नाही. त्या वेळी सत्ता, भाषा आणि प्रतिष्ठा दुसऱ्या बाजूला होती. ज्याला स्वतःच्या नदीला स्वतःच्या भाषेतील नाव देण्यासाठीही झगडावे लागते, त्याने शेजाऱ्याचे नावही सोबत उच्चारावे ही अपेक्षा आज घरबसल्या करणे सोपे आहे.

परंतु काळ उलटला तेव्हा रचना तीच राहिली आणि सत्तेची जागा बदलली. १९४५ आणि १९४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनभाषकांना हाकलण्यात आले. नाझी राजवटीने केलेल्या अत्याचारांनंतर हे घडले, त्यात अनेक निरपराधांचे बळी गेले. ओबरप्लानचे आता फक्त होर्नी प्लाना हे चेक नाव उरले. व्लतावाच्या वरच्या काठावर खरोखरच जर्मन आवाज ऐकू येईनासा झाला. संगीतात सत्तर वर्षांपूर्वी जे घडले होते ते प्रत्यक्षात उतरले. यासाठी स्मेताना जबाबदार नाही, हे उघड आहे. तथापि ‘निसर्गसंगीत निष्पाप असते’ असे म्हणणाऱ्यांनी हा भाग वगळून पुढे जाऊ नये.

उरलेल्या चार भागांत ‘शार्का’ ही पुरुषांविरुद्धच्या स्त्रियांच्या दंतकथात्मक युद्धाची रक्तरंजित कथा आहे. शार्का स्वतःला झाडाला बांधून घेते, वाचवायला आलेल्या सरदाराला भुलवते, त्याचे सैनिक मद्याने झिंगून झोपतात (बसूनचे घोरणे चुकवू नका) आणि मग कत्तल होते. ‘कुरणे व राई’ या भागात कथा नाही, फक्त उन्हातली शेते आणि सुगीचा नाच आहे. माझ्या मते सहांतला हा सर्वांत निर्मळ भाग.

‘ताबोर’ आणि ‘ब्लानिक’ ही जोडी मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट ऐकावी. यान हुस हा धर्मसुधारक ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्स येथे जिवंत जाळला गेला. त्याच्या अनुयायांनी १४२० मध्ये ताबोर हे गाव वसवले आणि यान झिझ्काच्या नेतृत्वाखाली सम्राटाच्या फौजांना वारंवार धूळ चारली. त्यांचे ‘देवाचे योद्धे’ हे रणगीत दोन्ही भागांचा कणा आहे. ब्लानिक हा ६३८ मीटर उंचीचा छोटासा डोंगर. लोककथा अशी की त्याच्या पोटात संत वाच्लावाचे सरदार झोपले आहेत आणि देशावर संकट येईल तेव्हा ते बाहेर पडतील. वाच्लाव हा कॅथलिक संत, आणि हुसचे अनुयायी कॅथलिक सत्तेचे कट्टर शत्रू. स्मेतानाने डोंगरात बिनदिक्कत हुसपंथी योद्धे झोपवले! दोन शत्रुपक्षांचे वारसे त्याने एका गुहेत ठेवले आणि अखेरीस रणगीतात विशेह्रादची सुरावट, म्हणजे आपली सहीदेखील, मिसळून टाकली. १९३९ च्या सभागृहात हा शेवट ऐकताना लोकांना काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. योद्धे डोंगरातून निघण्याची वेळ आली होती.

ते निघाले नाहीत. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, त्याच तालिखला त्याच वाद्यवृंदासह बर्लिनला जाऊन ‘मा व्लास्त’ वाजवावे लागले. शत्रूच्या राजधानीत वाजवलेली मायभूमी हा प्रतिकार होता की शरणागती? युद्ध संपल्यावर नव्या सरकारने उत्तर दिले: तालिखवर शत्रूशी हातमिळवणी केल्याचा आरोप ठेवला गेला, काही आठवडे त्याला कारावास भोगावा लागला. पुढे आरोप टिकले नाहीत, पण साम्यवादी राजवटीतही त्याची उपेक्षा झाली. त्या राजवटीचा शिक्षणमंत्री झ्देन्येक नेयेद्ली हा योगायोगाने स्मेतानाचा चरित्रकार आणि परमभक्त होता. स्मेताना आता ‘जनतेचा संगीतकार’ ठरला. १९५२ पासून ‘प्राग वसंत’ हा संगीत महोत्सव दरवर्षी १२ मे रोजी, स्मेतानाच्या पुण्यतिथीला, ‘मा व्लास्त’ने सुरू होऊ लागला.

राफाएल कुबेलिक हा संचालक १९४८ च्या साम्यवादी सत्तांतरानंतर देश सोडून गेला आणि देश स्वतंत्र होईपर्यंत परतायचे नाही असे त्याने ठरवले. चार दशके गेली. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये राजवट कोसळली. तोवर कुबेलिक प्रकृतीमुळे संचालनातून निवृत्त झाला होता. तरी १२ मे १९९० रोजी, पंचाहत्तर वर्षांचा हा गृहस्थ प्रागच्या स्मेताना सभागृहात उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष वाच्लाव हावेल श्रोत्यांत होते. प्रथम ‘लिबुशे’ची तुतारीधून झाली, मग हार्प वाजू लागले, बनावट भाटाची हार्प, जर्मन शाळेत शिकलेल्या माणसाने लिहिलेली, आणि सभागृहात लोक रडत होते.

हे सारे ‘खोटे’ म्हणून निकालात काढण्याचा मोह आपल्यासारख्या धागे लिहिणाऱ्यांना फार होतो. मिथक फोडले की लाइक मिळतात. मासारिकने हस्तलिखिते फोडली, पण त्यावर आधारलेल्या कलाकृती जाळायला तो निघाला नाही. कागद बनावट आहे हे सिद्ध करणे हे इतिहासकाराचे काम त्याने केले. त्या कागदावर विसंबलेल्या माणसांची गरज मात्र बनावट नव्हती, आणि ती का निर्माण झाली हे शोधणे हेही आपलेच काम आहे.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांच्यासाठी: आधी एकटी ‘व्लतावा’ ऐका, १२ ते १३ मिनिटांची आहे. मग सलग सहाही भाग, सुमारे ७५ ते ८० मिनिटे. कुबेलिकचे १९९० चे आणि तालिखचे १९३९ चे, अशी दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली तर उत्तम. ‘व्लतावा’च्या उत्तरार्धात वाद्यवृंद उसळतो त्या संत योहानाच्या धारा पाहायला मात्र प्रागला जाऊ नका. १९४० च्या दशकात श्तेखोवित्से धरणाच्या पाण्याखाली त्या बुडाल्या. श्टिफ्टरच्या गावाखालची नदीची वळणेही १९५० च्या दशकात बांधलेल्या लिप्नो धरणाने गिळली.

पुढचा धागा हांका आणि त्याच्या हस्तलिखितांवर.